गृहनिर्माणमंत्री साहेब, भाड्याने राहणाऱ्यांचा वाली कोण?

मा. गृहनिर्माणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

साहेब, मी नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ वन बीएचकेत भाड्याने राहते. मिस्टर अंबड एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर आहेत. काल घरमालकांचा व्हॉट्सअ‍ॅप आला, पुढच्या महिन्यापासून साडेआठ नाही साडेबारा हजार, जमत नसेल तर फ्लॅट खाली करा. का विचारलं तर म्हणे 2027 चा कुंभमेळा येतोय, सगळीकडेच वाढलंय. स्नान रामकुंडावर होणार आणि त्याचा भुर्दंड आम्ही इथे का भरायचा?

तेव्हापासून घर शोधतेय. इंदिरानगरात एजंटने आधी आडनाव विचारलं, मग नॉनव्हेज खाता का, मग पन्नास हजार डिपॉझिट आणि वर एक महिन्याचं भाडं त्याची दलाली. गंगापूर रोड, कॉलेज रोड आपल्यासाठी नाहीच. आडगावकडे जरा स्वस्त आहे म्हणतात, पण तिथून अंबडला नाइट शिफ्टला जायचं म्हणजे वाचलेले पैसे पेट्रोलमध्ये, आणि मुलगी सातवीत आहे, अर्ध्या वर्षात तिची शाळा कशी बदलू? सासूबाईंचे गुडघे गेलेत, बिनलिफ्टचा तिसरा मजला चालत नाही. आधीच्या मालकांनी तर रंगाच्या नावाखाली डिपॉझिटमधले आठ हजार कापून घेतले, मागायला गेले तर दारातूनच परत पाठवलं.

कायदा आहे हो. 1999 चा भाडे नियंत्रण कायदा, कलम 55, करार लेखी आणि रजिस्टर हवा, जबाबदारी मालकाची, नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. मी हे मालकांना म्हटलं तर म्हणाले, रजिस्टर हवं तर दुसरीकडे बघा, नोटरी चालत असेल तर राहा. या कलमाखाली नाशिकमध्ये एका तरी मालकाला शिक्षा झाली का? आमच्यासारख्याने तक्रार करायची म्हणजे आधी घर सोडायचं.

2015 ला सांगितलं 2022 पर्यंत सर्वांना घर. 2020 ला परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आली, त्यातली नाशिकमध्ये किती आणि कुठे आहेत ते सांगा, मी उद्याच जाऊन बघते. 2021 ला केंद्राने आदर्श भाडे कायदा मंजूर केला, राहत्या घराला दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घ्यायचं नाही असं त्यात आहे, तो लागू करणं राज्याच्या हातात होतं. आणि राज्याच्या 2025 च्या गृहनिर्माण धोरणात 2030 पर्यंत 35 लाख घरं! साहेब, कॉन्ट्रॅक्टची सॅलरी स्लिप बघून बँक लोन देत नाही, मग आम्ही त्या 35 लाखांत कुठे बसतो? सगळ्या योजना घर घेणाऱ्यांच्या आणि बिल्डरच्या, भाडेकरू कुणाच्या मोजणीतच नाही. आमच्याच बिल्डिंगमध्ये निम्म्याला निम्मे फ्लॅट कुलूपबंद, मुंबईच्या लोकांनी पैसे गुंतवून ठेवलेत. याच सरकारने जुन्या काळी सिडकोमार्फत इथे कामगारांसाठी सहा योजना उभ्या केल्या होत्या ना? मग आता काय झालं? आमदार, नगरसेवक मतं मागायला भाड्याच्या दारावर बरोबर येतात, तेव्हा करार रजिस्टर आहे का कुणी विचारत नाही.

कुंभ होईपर्यंत भाडेवाढीला मर्यादा घाला, डिपॉझिट दोन महिन्यांचंच करा, आणि रजिस्टर न करणाऱ्या मालकाविरुद्ध भाडेकरूचं नाव गुप्त ठेवून तक्रार घेणारा माणूस नाशिकमध्ये बसवा. उत्तर लेखी द्या, महिना संपायच्या आत.

आपली,
पाथर्डी फाट्यावरची एक भाडेकरू