‘स्टेप’ म्हणजे दरवेळी पाऊल नव्हे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात वृद्ध आईला घेऊन एका दवाखान्यात गेलो होतो. दाराशी ‘माइंड द स्टेप’ आणि त्याखाली ‘आपल्या पावलाकडे लक्ष द्या’ अशी पाटी होती. आईला इंग्रजी येत नाही. तिने मराठी ओळ वाचली, थांबून स्वतःच्या चपलांकडे पाहिले, आणि पुढच्याच चार बोटे उंच पायरीला तिच्या अंगठ्याला ठेच लागली. ‘पुढे पायरी आहे, जपून’ एवढे लिहिले असते तरी पुरे होते.

इंग्रजीत ‘स्टेप’ हा एकच शब्द जी कामे करतो, ती मराठीने अनेक शब्दांत वाटून दिली आहेत. गणितात पायरी लिहावी लागते, योजनेला टप्पे असतात, मंत्री पायउतार होतो, आणि दिंडी रंगात आली की वारकरी पावल्या खेळतात. बातम्यांत मात्र टंचाईवरही पावले उचलली जातात आणि डासांवरही. हा प्रयोग आता रूढ झाला आहे हे मान्य, परंतु टँकर सुरू केले की औषध फवारले, हे त्यातून वाचकाला कळत नाही. गुजरातमधील पाटणच्या ‘राणी की वाव’चा २०१४ साली जागतिक वारसा यादीत समावेश झाला, तिच्याविषयी लिहितानाही ‘स्टेपवेल’चे ‘पायऱ्यांची विहीर’ असे भाषांतर होते. ‘बारव’ हा गावोगावचा शब्द कोणाला आठवत नाही.

‘स्टेपमदर’मधला ‘स्टेप’ तर पावलाच्या कुळातलाच नाही. जुन्या इंग्रजीतील ज्या ‘स्टेओप’पासून तो आला, त्यात वियोगाचा, पोरकेपणाचा अर्थ होता. आपला ‘सावत्र’ संस्कृत ‘सापत्न’मधून, म्हणजे सवतीच्या नात्यातून आलेला आहे. इंग्रजी शब्दाची नजर आई गमावलेल्या मुलाकडे होती, मराठीची घरात आलेल्या दुसऱ्या बायकोकडे. नाते तेच, पण दोन्ही भाषांनी ते दोन वेगळ्या बाजूंनी पाहिले, म्हणूनच शब्दाला शब्द ठेवून भाषांतर साधत नाही.

पाट्या लावणाऱ्या संस्थांना माझी कळकळीची विनंती आहे, की पाटी रंगवण्याआधी तिच्यावरचा मराठी मजकूर इंग्रजी न येणाऱ्या एखाद्या व्यक्तीला वाचायला द्यावा, आणि ती व्यक्ती वाचून पुढे पाहते की खाली, एवढे तपासावे.

आपला,
एक वाचक, सातारा