मैदानाची तासिका राखणाऱ्या सरांना पत्र

आदरणीय सर,
सादर प्रणाम.

मी आपल्या शाळेतून 1994 साली दहावी उत्तीर्ण झालेली विद्यार्थिनी आहे. माझे नाव आपल्या स्मरणात असण्याचे कारण नाही, कारण शाळेच्या कोणत्याही संघात माझी कधी निवड झाली नाही. आणि नेमके त्याचसाठी आपले आभार सर्वांसमक्ष मानावेत, असे मला वाटते.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीच्या शाळेत पालकसभा झाली. शारीरिक शिक्षणाच्या तासिका कमी करून त्या गणिताच्या सरावाला द्याव्यात, अशी सूचना एका पालकांनी मांडली आणि अनेकांनी माना डोलावल्या. गुणपत्रिकेत या विषयाला केवळ श्रेणी मिळते, म्हणून तो मोकळा वेळ आहे असे आपण धरून चालतो. मी उभी राहिले आणि सांगितले, की 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेसाठी मैदान आवश्यक मानले आहे आणि जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी 60 मिनिटांची मध्यम ते जोरकस हालचाल सुचवते. हे सारे सांगताना डोळ्यांसमोर मात्र आपणच होता.

सहामाही जवळ आली की इतर विषयांचे शिक्षक आपली तासिका मागायला येत. आपण वर्गाच्या दारात उभे राहून शांतपणे म्हणत, "मुलांना घेऊन जातो, पाऊण तासाने परत आणतो." त्याआधीच मैदानावर खो-खोची आखणी झालेली असे. दोन खिळ्यांना ताणून बांधलेली दोरी आणि तळाला भोके पाडलेला पत्र्याचा डबा घेऊन, वाकून, एकेक पाऊल मागे सरत आपण फक्कीची रेघ ओढत असा. ती कधी नागमोडी झालेली मी पाहिली नाही.

मी अंगाने जड होते, चार पावले धावले तरी धाप लागे. अशा मुलीला झाडाखाली बसवून हजेरी घ्यायला सांगणे सोपे होते. आपण मला खांबाजवळच्या चौरसात बसवले आणि म्हणालात, "आधी बसायला शीक." टाच उचललेली, हात जमिनीला टेकलेले, नजर पळणाऱ्यावर, आणि पाठीमागून हाताचा स्पर्श व 'खो' एकदमच येईपर्यंत तसूभरही हलायचे नाही. एकदा घेतलेली दिशा खांब गाठेपर्यंत बदलता येत नाही, हा नियम समजल्यावर मला उठण्यापूर्वी विचार करण्याची सवय लागली. वर्ष संपताना मी दोघींना बाद केले होते. शाळेच्या दृष्टीने ती नोंद घेण्याजोगी गोष्ट नव्हती, परंतु आपण शिट्टी तोंडातून काढून टाळी वाजवली होती.

आठवीनंतर मुली मैदानावर येईनाशा होत, तेव्हा आपण घरोघरी गेलात. आमच्या ओसरीवर बसून आपण वडिलांना सांगितले, की सलवार घालून खेळली तरी चालेल, सराव सकाळी सातला होईल, पण तिला थांबवू नका. त्या एका भेटीचे ऋण फार मोठे आहे.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, म्हणून मुलीसह सामना पाहताना ऊर भरून आला. स्पर्धेत चमकणाऱ्या मुलांना दहावीला क्रीडागुण मिळतात, तेही योग्यच आहे. परंतु जी मुले कधीच जिंकणार नाहीत, त्यांची तासिका कोण राखणार? आमच्यासाठी ती आपण राखलीत.

सभेतील ती सूचना तूर्त मागे पडली आहे. मुलीच्या शाळेत मैदान आखणारे कोणी नसल्याने आम्ही चार पालक शनिवारी सकाळी दोरी, खिळे आणि डबा घेऊन जातो. डब्याला भोके केवढी पाडायची, हे मला कोणाला विचारावे लागले नाही.

आपली कृतज्ञ,
एक माजी विद्यार्थिनी