मस्टर वाचून दाखवा

सातारा,
१४ सप्टेंबर २०२५

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तुझं सामान पोचलं, खोली मिळाली, जिनिव्हात तूरडाळ मिळते, हे सगळं कळलं. बाकीची चौकशी फोनवर होतेच. हे पत्र एका वेगळ्या गोष्टीसाठी लिहिते आहे. परवा जागतिक आरोग्य संघटनेतल्या तुझ्या नव्या नोकरीबद्दल तू म्हणालीस, "आई, काम अगदी साधं आहे गं, देणगीदार देशांना जाणारे अहवाल तयार करायचे." फोन ठेवल्यावर मी बराच वेळ ओट्याशी तशीच उभी होते. ३१ वर्षं स्थानिक निधी लेखापरीक्षेत घालवल्यावर मला एवढं नक्की कळतं, की अहवाल कोणाला जाणार आहे यावर त्यात काय लिहायचं ते ठरतं. म्हणून तुझं काम मला साधं वाटत नाही.

तू बालवाडीत होतीस तेव्हाची गोष्ट आहे. डोंगरातल्या एका गावी ग्रामपंचायतीच्या खोलीत आमचं पथक बसलं होतं. रोजगार हमीची कागदपत्रं समोर होती आणि मी अर्धसमास पत्रं, म्हणजे तपासणीत जागेवरच विचारायचे लेखी आक्षेप, लिहीत होते. दुपारी एक म्हातारी आत आली, माझ्या टेबलापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, माझं नाव हाय म्हनं त्यात. वाचून दाखवा." मी मस्टर उघडलं. तिचं नाव होतं, १२ दिवसांची हजेरी होती, मजुरी दिल्याची नोंद होती आणि पुढे अंगठा होता. मी ते सगळं मोठ्याने वाचलं. ती म्हणाली, "मी तवा लेकीकडं हुते, बाळंतपनाला. ह्यो अंगठा माझा न्हाई."

आक्षेप लागला, वसुली निघाली. ती पूर्ण व्हायला ६ वर्षं गेली. म्हातारीने तो दिवस पाहिला की नाही, मला ठाऊक नाही. पण तिला येऊन उभं राहायला एक टेबल होतं. टेबलापलीकडे बसलेल्या बाईला ते मस्टर उघडून वाचणं भाग होतं. टेबलच नसतं तर त्या म्हातारीने काय केलं असतं, हा विचार मी तेव्हा केला नव्हता. तो करायला लावला हैतीने.

हैतीबद्दल, कॅरिबियन समुद्रातल्या त्या छोट्या देशाबद्दल, मी गेली काही वर्षं वाचते आहे. तुला बाबांनी सांगितलं असेल, रात्री दिवा चालू असतो म्हणून ते कुरकुरतात. जानेवारी २०१० मध्ये तिथे भूकंप झाला. संयुक्त राष्ट्रांचं शांतिदल त्या देशात २००४ पासूनच होतं. ऑक्टोबर २०१० मध्ये नेपाळहून सैनिकांची नवी तुकडी आली आणि मिरबाले गावाजवळच्या छावणीत उतरली. नेपाळमध्ये त्या वेळी पटकी, म्हणजे कॉलरा, होती. छावणीचा मैला नीट साठवला जात नव्हता. तो शेजारच्या ओढ्यात गेला आणि ओढ्यातून आर्टिबोनिट नदीत गेला. नदीकाठची माणसं तेच पाणी पितात, त्यातच अंघोळ करतात, तेच शेताला देतात. निदान शंभर वर्षांत ज्या देशात पटकीची नोंद नव्हती, तिथे पुढच्या काही वर्षांत ८ लाखांवर माणसं आजारी पडली आणि जवळपास १० हजार मेली.

मुक्ता, चूक कोणाच्याही हातून होते. त्या तरुण सैनिकांना आपण पोटात काय घेऊन आलो आहोत हे माहीतही नसेल. मला त्यांचा राग येत नाही. मला पुढचं वाचवत नाही.

पहिल्यांदा संयुक्त राष्ट्रांनी संबंधच नाकारला. रनो पियारू नावाच्या फ्रेंच साथरोगतज्ज्ञाने गावोगाव फिरून साथीचा माग काढला, तो छावणीपाशी पोचला. मग संयुक्त राष्ट्रांनीच चार तज्ज्ञांची समिती नेमली. तिच्यात आपले गोपीनाथ बालकृष नायरही होते, पटकीच्या जंतूवर ज्यांचं मोठं काम आहे. समितीने २०११ च्या अहवालात छावणीतली मैल्याची व्यवस्था अपुरी होती असं लिहिलं, पण दोष एकाचा नाही, अनेक परिस्थिती जुळून आल्या असं म्हटलं. दोन वर्षांनी त्याच तज्ज्ञांनी आणखी पुरावे पाहून लिहिलं की साथ बहुधा त्या छावणीतूनच आली. इकडे नोव्हेंबर २०११ मध्ये ५ हजार पीडितांच्या वतीने भरपाईचे अर्ज गेले होते. उत्तर यायला फेब्रुवारी २०१३ उजाडला, आणि उत्तर काय, तर हे अर्ज स्वीकारता येण्याजोगे नाहीत. अर्ज खोटे आहेत असं कोणी म्हटलं नाही. ते विचारातच घ्यायचे नाहीत, एवढंच म्हटलं.

आता नियम काय सांगतो ते बघ. १९४६ च्या करारानुसार संयुक्त राष्ट्रांवर कोणत्याही देशाच्या कोर्टात दावा चालत नाही. याला कारण आहे आणि ते मला पटतं. उद्या प्रत्येक देशाचं कोर्ट संस्थेला खेचायला लागलं, तर ज्याच्याकडे सत्ता आणि वकील जास्त, तो हवं ते काम बंद पाडेल. पण त्याच करारात पुढे असंही आहे की, अशा वादांचा निवाडा करण्याची दुसरी सोय संस्थेने स्वतः करायची. हैती सरकारशी २००४ मध्ये झालेल्या करारात तर त्यासाठी कायमचा दावे-आयोग नेमायचं कलमच होतं. तो आयोग कधी नेमलाच गेला नाही. म्हणजे टेबल कागदावर होतं, खोलीत मांडलंच नव्हतं. हे वाचलं त्या रात्री मला त्या म्हातारीचा चेहरा आठवला.

पीडित न्यूयॉर्कच्या कोर्टात गेले. कोर्टाने संस्थेचं हे कायदेशीर संरक्षण मान्य करून दावा काढून टाकला आणि ऑगस्ट २०१६ मध्ये अपिलातही तेच झालं. १ डिसेंबर २०१६ ला महासचिव बान की-मून यांनी आमसभेत हैतीच्या लोकांची माफी मागितली, त्यांच्या क्रेओल भाषेतही मागितली. त्या माफीला मी कमी लेखत नाही. उशिरा मागितलेली माफीसुद्धा मागावीच लागते. कायदेशीर जबाबदारी मात्र तेव्हाही घेतली नाही.

आणि आता पैशाचं ऐक, कारण माझा सगळा जीव यात अडकला आहे. माफीबरोबर ४० कोटी डॉलरची योजना जाहीर झाली. निम्मे पटकीशी लढायला, पाणी आणि संडासांसाठी, निम्मे पीडितांच्या मदतीसाठी. हे पैसे कुठून येणार? सभासद देशांच्या ऐच्छिक देणगीतून. आलं त्यातलं अगदी थोडं. शांतिदलाचा खर्च सक्तीच्या वर्गणीतून चालतो. प्रत्येक देशाचा वाटा ठरलेला असतो, टाळता येत नाही. थकबाकी दोन वर्षांच्या वर्गणीइतकी झाली, तर आमसभेतलं मतही जाऊ शकतं. म्हणजे सैनिकाचा भत्ता, गाडीचं डिझेल, छावणीचे तंबू हे सक्तीत. त्या छावणीने ज्यांची घरं रिकामी केली, त्यांची भरपाई मात्र देणाऱ्याच्या मर्जीवर. मी आयुष्यभर अंदाजपत्रकं वाचली. बांधील खर्चात काय घातलं आहे आणि "निधी उपलब्ध झाल्यास" या शीर्षाखाली काय ढकललं आहे, एवढं पाहिलं की त्या संस्थेला कोण महत्त्वाचं वाटतं ते कळतं.

तुझ्या संस्थेचं दुखणंही इथलंच आहे. जागतिक आरोग्य संघटना १९४८ मध्ये सुरू झाली तेव्हा आणि नंतर बरीच वर्षं मुख्य आधार सक्तीच्या वर्गणीचा होता. १९८० च्या दशकात मोठ्या देशांनी ती वाढू द्यायची नाही असं ठरवलं, आणि हळूहळू तिचा वाटा एकूण पैशाच्या पाचव्या हिश्श्याच्याही खाली गेला. बाकी सगळा पैसा ऐच्छिक. त्यातला बहुतेक असा, की देणारा आधीच सांगतो हे अमुक रोगाला, हे तमुक देशात. गेट्स फाउंडेशनसारखी खाजगी संस्था मोठमोठ्या देशांच्या बरोबरीने देणाऱ्यांच्या यादीत वर आली, ती यामुळेच.

ठरवून दिलेला पैसा वाईट असतो, असं मी म्हणणार नाही. पोलिओच्या रविवारी तुला कडेवर घेऊन मी शाळेतल्या बूथवर जायचे आणि तुझ्या बोटावर शाईची खूण घेऊन घरी यायचे. आपल्या देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला, आणि त्यामागे अशाच ठरवून दिलेल्या पैशाचा फार मोठा हात आहे. पण ज्या रोगाला दाता नाही त्याचं काय? आणि आरोग्यसेवक गावात गैर वागला तर तक्रार घेणाऱ्या माणसाच्या पगाराला देणगी कोण देतं?

काँगोत तेच झालं. २०१८ ते २०२० या इबोलाच्या साथीत मदतीला गेलेल्या काही जणांनी तिथल्या बायकांकडे नोकरीच्या बदल्यात शरीरसुख मागितलं. हे आधी पत्रकारांनी उघड केलं, सप्टेंबर २०२० मध्ये. वर्षभराने स्वतंत्र आयोगाचा अहवाल आला. त्यात ८३ संशयित होते, त्यातले २१ तुझ्या संघटनेने कामाला ठेवलेले. त्या अहवालातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. तक्रार करणारी बाई "लाभार्थी" असली पाहिजे, अशी काहींची समजूत होती, आणि त्या एका शब्दावर तक्रारी अडवल्या गेल्या. आपल्याकडे शासनाच्या यादीत लाभार्थी हा शब्द किती सहज येतो! मीही तो हजार वेळा लिहिला आहे. आता लिहिताना हात थांबतो. तुझ्या अहवालात तो आला, तर तूही थांबून बघ, त्या शब्दाच्या बाहेर कोण राहिलं.

मे २०२२ मध्ये सभासद देशांनी ठरवलं की २०३०-३१ पर्यंत सक्तीची वर्गणी मूळ अंदाजपत्रकाच्या निम्म्यापर्यंत न्यायची. २०२३ मध्ये २० टक्के वाढ झाली, या मे महिन्यात पुन्हा २० टक्के. मला याचा खरा आनंद झाला. पण यंदा जानेवारीत अमेरिकेने बाहेर पडायची नोटीस दिली, आणि २०२६-२७ चं अंदाजपत्रक ५.३ अब्ज डॉलरवरून ४.२ अब्जावर आलं. तुझ्या मजल्यावरच्या खुर्च्या रिकाम्या होतायत म्हणालीस, ते यातूनच. पैसे थांबवले म्हणजे संस्थेला जाब विचारला, असं काही जण मानतात. मला ते मान्य नाही. जाब विचारायचा तर सभेत बसावं लागतं, कागद मागावे लागतात, उत्तर येईपर्यंत उठायचं नसतं. पाकीट बंद करून निघून गेलं की त्याचा फटका कुठल्यातरी दवाखान्याच्या दारातल्या बाईला बसतो. चूक केलेल्या अधिकाऱ्याला तो बसत नाही.

एक गोष्ट तुला माहीत नसेल, म्हणून अभिमानाने सांगते. तुझ्या संघटनेचे बाह्य लेखापरीक्षक २०२० पासून भारताचे महालेखापरीक्षक आहेत. २०२४ ते २०२७ साठीही त्यांचीच निवड झाली आहे. आमचं खातं राज्याचं, ते दिल्लीचं, पण धंदा एकच. त्यांचा अहवाल दर मे महिन्यात आरोग्य सभेपुढे येतो आणि सगळ्यांना वाचायला खुला असतो. तो नीट वाच. आक्षेपापेक्षा आक्षेपांच्या अनुपालनाचा तक्ता आधी बघ. किती जुने मुद्दे अजून उघडे आहेत, तिथे नजर ठेव. आम्ही नव्या मुलींना पहिल्या आठवड्यात हेच शिकवायचो.

आणि सही करण्याआधी प्रत्येक पान वाच, गर्दी कितीही असो. तुझ्या अहवालात "स्थानिक लोकांशी चर्चा केली" असं वाक्य येईल. कोणाशी, कुठे, कोणत्या दिवशी, त्यांनी काय सांगितलं, हे विचारल्याशिवाय ते वाक्य तसंच पुढे पाठवू नकोस. साहेब रागावले तर रागावू देत. मी रागावलेले साहेब पुष्कळ पाहिले.

बाबांचा गुडघा बरा आहे. मेतकूट आणि कुळथाचं पीठ पुढच्या महिन्यात येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवते. तुझा पहिला अहवाल तयार झाला की पाठवण्याआधी मला फोनवर वाचून दाखव, मराठीत, सावकाश. जिथे मला कळणार नाही तिथे मी तुला थांबवीन.

तुझी,
आई