सेफ्टी लेझर स्कॅनरची सदोष बसवणूक व अपुरे कमिशनिंग : तक्रार

प्रति,
मा. विभागीय व्यवस्थापक,
विक्री व सेवा विभाग

विषय : आमच्या रोबो वेल्डिंग सेलवर आपण बसवलेल्या सेफ्टी लेझर स्कॅनरचे सेटिंग असुरक्षित असल्याबाबत, व ते विनामूल्य नव्याने करून मिळण्याबाबत.

महोदय,

कोल्हापूरजवळ शिरोली औद्योगिक वसाहतीत आमचा ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या सुट्या भागांचे फॅब्रिकेशन करणारा छोटा कारखाना आहे. आमच्या रोबो सेलसमोर ऑपरेटर फिरत्या टेबलावर जॉब (वेल्ड करायचा भाग) लावतो. टेबल अर्धा फेरा फिरते, लावलेला जॉब रोबोकडे जातो आणि वेल्डिंग झालेला बाहेर येतो. टेबल फिरताना समोर माणूस असता कामा नये, म्हणून आपल्याकडून स्कॅनर घेतला. तो लेझर किरणाने समोरची जागा तपासत राहतो, आणि आखून दिलेल्या हद्दीत, म्हणजे ‘फील्ड’मध्ये, कुणी शिरले की यंत्र थांबवतो. कोटेशनमध्ये ‘स्कॅनर, बसवणूक, सेटिंग व कमिशनिंग’ (म्हणजे तपासून चालू करून देणे) असे एकाच ओळीत लिहिलेले आहे आणि पैसेही त्या सगळ्याचे लावलेले आहेत. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण वायरिंग आणि फील्डची जबाबदारी ग्राहकाची असते, असे आता आपल्या सेवा विभागाकडून फोनवर ऐकवले जात आहे.

गेल्या आठवड्यात टेबल फिरत असताना आमचा एक हेल्पर खाली पडलेला क्लॅम्पचा बोल्ट उचलायला पुढे झाला. स्कॅनरने त्याला पाहिले, लाल दिवा लागला, पण टेबल थांबेपर्यंत फिक्स्चरचा (जॉब पकडून ठेवणाऱ्या सांगाड्याचा) कोपरा त्याच्या मांडीला घासून गेला. पँट गुडघ्यापर्यंत फाटली, कातडी सोलली. हाड वाचले, यात आपल्या कामाचे श्रेय काही नाही. तो मुलगा चपळ होता. आपल्या अभियंत्यांना फोन केला तर उत्तर मिळाले, “लाल दिवा लागला ना? मग स्कॅनर ओके आहे.” स्कॅनर ओके आहे, हे आम्हालाही मान्य आहे. तो ज्या पद्धतीने लावून दिला, ती पद्धत ओके नाही, आणि या पत्रात तेच मांडतो आहे.

माणूस फील्डमध्ये शिरल्यापासून यंत्र पूर्ण थांबेपर्यंत तो जेवढा पुढे येऊ शकतो, त्याहून फील्डची हद्द लांब हवी. आयएसओ १३८५५ या आंतरराष्ट्रीय मानकात त्याचा हिशोब दिलेला आहे. जमिनीला समांतर फील्डसाठी चालणाऱ्याचा वेग सेकंदाला १६०० मिलिमीटर धरायचा, त्याला एकूण थांबण्याच्या वेळेने गुणायचे, आणि वर हात पुढे पोहोचण्याचे अंतर मिळवायचे. ते अंतर म्हणजे १२०० मधून स्कॅनिंगच्या उंचीच्या ०.४ पट वजा, पण ८५० मिलिमीटरपेक्षा कमी नाही. हे आपल्याच मॅन्युअलमध्ये आकृतीसह छापलेले आहे. आपल्या अभियंत्यांनी यातले काही केले असेल, तर त्याचा कागद आमच्याकडे नाही.

कमिशनिंगच्या वेळी आमचा मेंटेनन्सचा माणूस शेजारी उभा होता. टेबल थांबायला किती वेळ लागतो, हे त्या दिवशी कुणीही मोजले नाही. जमिनीवर ये-जा करण्याच्या वाटेचा पिवळा पट्टा आधीपासून होता. लॅपटॉपवर फील्डची रेघ त्या पट्ट्यापर्यंत ओढली गेली, “म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्यामुळे मशीन उगाच थांबणार नाही” असे सांगितले गेले, आणि फील्ड १५०० मिलिमीटरचे झाले. तो पट्टा आम्ही ट्रॉली नेण्यासाठी मारला होता. टेबल किती वेळात थांबते याच्याशी त्याचा काय संबंध?

या प्रकारानंतर आम्ही बाहेरून जाणकार बोलावून थांबण्याचा वेळ उपकरणाने मोजून घेतला. सगळ्यांत जड फिक्स्चर चढवले, वेग पूर्ण ठेवला, पुन्हापुन्हा मोजले आणि त्यातला सर्वांत मोठा आकडा धरला. टेबलाला ५०० मिलिसेकंद लागतात. कमिशनिंगच्या वेळी स्कॅनरचे ८० आणि रिलेचे (स्कॅनरच्या इशाऱ्यावर वीज तोडणाऱ्या स्विचचे) २० होते, म्हणजे एकूण ६०० मिलिसेकंद. यातून चालण्याचे अंतर आले ९६० मिलिमीटर. स्कॅनर जमिनीपासून ३०० मिलिमीटरवर आहे, त्यामुळे हात पोहोचण्याचे अंतर १०८०. स्कॅनरच्या मोजमापातील फरकासाठी आपल्याच मॅन्युअलप्रमाणे आणखी १००. बेरीज २१४० मिलिमीटर. हे अंतर धोक्याच्या जागेपासून मोजायचे असते, आणि आपण मोजले ते स्कॅनरच्या काचेपासून. स्कॅनर टेबलाच्या खालच्या फ्रेमवर आहे आणि फिरताना फिक्स्चरचा कोपरा त्याच्याही पुढे २५० मिलिमीटर बाहेर येतो. म्हणजे काचेपासून फील्ड २३९० हवे होते आणि आपण १५०० देऊन गेलात. आपल्या अभियंत्यांनी ‘काम पूर्ण’ म्हणून आमची सही घेतली, त्याच दिवशी ते ८९० मिलिमीटरने तोकडे होते.

पुढे ते आणखी तोकडे झाले, आणि तेही आपल्याच सांगण्यावरून. वेल्डिंगच्या धुरामुळे स्कॅनर अधूनमधून विनाकारण ट्रिप व्हायचा, म्हणजे समोर कुणी नसताना टेबल थांबवायचा. आम्ही फोन केल्यावर आपल्या सेवा विभागाने आमच्या कारखान्यातील मुलाला मल्टिपल सॅम्पलिंग वाढवायला सांगितले. ट्रिपिंग थांबले, सगळे खूश झाले. परंतु सॅम्पलिंग वाढवणे म्हणजे स्कॅनरने जास्त फेऱ्यांत खात्री करून मगच थांबण्याचा इशारा (आउटपुट) देणे. त्यामुळे प्रतिसादाचा वेळ ८० वरून १६० मिलिसेकंद झाला, आणि तेवढ्या वेळात माणूस १२८ मिलिमीटर जास्त पुढे येतो. ‘हे बदलले की फील्डही वाढवावे लागते’ एवढे एक वाक्य फोनवर सांगायला काय हरकत होती? सेफ्टीच्या उपकरणाचे सेटिंग फोनवरून बदलायला सांगणे, हिशोब न करता, नोंद न ठेवता, चाचणी न घेता, हे आम्हाला सगळ्यांत गंभीर वाटते. त्या मुलाने आपल्यावर विश्वास ठेवला. आज फील्ड २५१८ मिलिमीटरचे हवे, आणि ते अजून १५०० च आहे.

ट्रॉलीचीही एक गोष्ट आहे. कमिशनिंगच्या दिवशी तयार जॉबची ट्रॉली सेलच्या डाव्या कोपऱ्यात उभी होती. आपल्या अभियंत्यांनी सॉफ्टवेअरमधली आजूबाजूचे पाहून फील्ड आपोआप आखण्याची सोय वापरली. सॉफ्टवेअरने ट्रॉलीला भिंत समजून तिच्या मागची जागा फील्डमधून कापून टाकली. ट्रॉली रोज भरते, रोज हलते. ती हलली की तिथे एक माणूस आरामात उभा राहील एवढी जागा उरते, आणि ती स्कॅनर बघतच नाही. आम्ही स्वतः तिथे उभे राहून पाहिले. हिरवा दिवा तसाच होता. त्यात भर म्हणजे रीस्टार्ट इंटरलॉक बंद ठेवलेला आहे, म्हणजे फील्ड मोकळे झाले की टेबल आपोआप सुरू. फील्डच्या पलीकडे लपेल अशी जागा नसेल तर एकवेळ ते चालेल. इथे तशी जागा आपणच तयार करून दिली आहे. टेबलाकडून त्या कोपऱ्यात सरकलेल्या माणसाच्या अंगावर टेबल कुणीही बटण न दाबता फिरू शकते. बाहेरच्या बाजूला, जिथून पूर्ण सेल दिसतो अशा जागी रीसेट बटण असणे इथे आवश्यक आहे. पॅनलला बटणासाठी भोक पाडलेले आहे, त्यात रबरी बूच बसवलेले आहे.

पॅनल उघडल्यावर जे दिसले त्याचे फोटो सोबत जोडले आहेत. स्कॅनरला दोन सुरक्षा आउटपुट असतात, आणि ती दोन असतात ती एक बिघडले तरी दुसऱ्याने यंत्र थांबावे म्हणून. आमच्या पॅनलमध्ये पहिल्या आउटपुटची तार पारदर्शक झाकणाच्या साध्या एका रिलेवर आहे. दुसऱ्या आउटपुटच्या तारेच्या टोकाला काळी टेप गुंडाळून ती ट्रंकिंगमध्ये (तारा नेण्याच्या पन्हळीत) ढकलून दिलेली आहे. त्या एका रिलेचा संपर्क उद्या चिकटला तर स्कॅनर कितीही लाल झाला तरी टेबल फिरतच राहील. संपर्क चिकटला आहे हे स्कॅनरला कळण्यासाठी जी बाह्य उपकरण देखरेख असते, ती सेटिंगमध्ये बंद आहे. आपल्या माहितीपत्रकावर हा स्कॅनर टाइप ३ आणि परफॉर्मन्स लेव्हल डी या सुरक्षा-पातळीचा असल्याचे ठळक छापले आहे. ते खरेच असेल, पण ती पातळी डब्यातून बाहेर काढलेल्या स्कॅनरची झाली. स्कॅनरपासून मोटर तोडणाऱ्या कॉन्टॅक्टरपर्यंत सगळी साखळी त्या पातळीची नसेल, तर आम्ही साध्या सेन्सरऐवजी कित्येक पट किंमत मोजून हा स्कॅनर कशासाठी घेतला?

उंची मात्र बरोबर आहे, हे नमूद करणे योग्य. ७० मिलिमीटर रिझोल्यूशनला (म्हणजे तेवढ्या जाडीची वस्तू ओळखण्याच्या सेटिंगला) ३०० मिलिमीटरपेक्षा खाली स्कॅनर लावता येत नाही, आणि तो तेवढ्यावरच आहे.

चाचणी कशी घेतली तेही आमच्या माणसाने पाहिले आहे. पांढरा पुठ्ठ्याचा खोका एकदा मधोमध सरकवला, लाल दिवा लागला, झाले. हे स्कॅनर काळ्या, जेमतेम १.८ टक्के प्रकाश परतवणाऱ्या वस्तूलाही ओळखतील, या अटीवर प्रमाणित होतात. म्हणून चाचणी काळ्या दंडाने घ्यायची, आणि मधोमध नव्हे तर फील्डच्या संपूर्ण कडेने फिरून. तसे फिरला असतात, तर ट्रॉलीचा कोपरा त्याच दिवशी सापडला असता. आमचे लोक काळ्या-निळ्या डांगरी पँट घालतात. पांढरे खोके घालून कुणी काम करत नाही.

काचेबाबतही लिहितो. वेल्डिंगच्या ठिणग्यांपासून आडोसा न देता स्कॅनर लावला, त्यामुळे काचेवर खड्डे पडू लागले आहेत आणि काच घाण झाल्याचा इशारा वारंवार येतो. “कॉटन वेस्टला थिनर लावून पुसा” हा सल्लाही आपल्याच माणसाचा. मॅन्युअल म्हणते, मऊ कापड आणि प्लास्टिकसाठीचा अँटिस्टॅटिक क्लीनर. काच आता ओरखडली आहे. ती बदलून आणि बदलल्यावर कॅलिब्रेट करून देणे आपल्याकडे लागते, असे आम्ही मानतो.

आम्हाला खरी चीड येते ती याची की यातले बहुतेक खरेदीपूर्वीच सांगता आले असते. फील्ड अडीच मीटरचे लागणार, हे कोटेशन देतानाच कळले असते, तर फाउंडेशन ओतण्याआधी आम्ही सेल मीटरभर मागे घेतला असता किंवा बाजूंना जाळीचे कुंपण घालून वाट दुसरीकडून काढली असती. आता फील्ड योग्य केले की ते ये-जा करण्याच्या वाटेवर येणार, आणि प्रत्येक ट्रॉलीला टेबल थांबणार. हे प्रॉडक्शनवाल्यांना कोण समजावणार? अशाच त्रासामुळे कारखान्यांत सेफ्टी बायपास होते. पहिल्या दिवशी अंतर चुकते, मग उत्पादन अडते, मग कुणीतरी जंपर (सेफ्टीला वगळणारी तार) लावतो, आणि अपघात झाला की म्हणतात कामगाराने निष्काळजीपणा केला. आमच्याकडे असे होऊ देणार नाही, म्हणूनच सध्या सेल बंद ठेवला आहे आणि ते जॉब हाताने वेल्ड करून घेत आहोत. त्याचा भुर्दंड आमच्याच माथी आहे.

यंत्राच्या धोकादायक भागापासून माणसाला वाचवण्याची कायद्याने जबाबदारी कारखानदाराची, म्हणजे आमची आहे, याची पूर्ण जाणीव ठेवूनच हे लिहीत आहोत. तपासणीला अधिकारी आले तर ‘कंपनीच्या माणसाने बसवले’ हे उत्तर आम्ही देऊ शकत नाही, देणारही नाही. पण ज्या कामाचे पैसे आपण घेतले, ते काम आपण पूर्ण करावे, हा हट्ट आम्ही सोडणार नाही.

त्यासाठी आपण सेफ्टीच्या कामाचे प्रशिक्षण घेतलेला अभियंता प्रत्यक्ष पाठवावा. त्याने थांबण्याचा वेळ आमच्यासमोर मोजावा, अंतराचा हिशोब कागदावर लिहून सही करावी, आणि फील्ड हाताने आखावे. ट्रॉली त्या दिवशी बाहेर काढून ठेवू. दोन्ही आउटपुट योग्य सेफ्टी रिलेमार्फत दोन कॉन्टॅक्टरवर घ्यावीत, देखरेख चालू करावी, रीसेट बटण सेलबाहेर बसवावे, काच बदलून तिच्यावर आडोसा करावा. सेटिंगचा छापील अहवाल चेकसमसह (सेटिंग बदलले तर ओळखू येईल अशा आकड्यासह) मिळावा, आणि फॅक्टरी पासवर्ड अजून तसाच आहे तो आमच्यासमक्ष बदलावा. रोजच्या चाचणीसाठी काळा दंड द्यावा, आणि ती चाचणी कशी घ्यायची ते ऑपरेटरला मराठीत लिहून द्यावे. इंग्रजी मॅन्युअल कपाटात पडून आहे, ते आमच्या शिफ्टवर कुणी वाचत नाही. वाट वळवायची की टेबलाचा वेग कमी करायचा, याचा निर्णय आपल्या अभियंत्याशी बसून आम्ही करू. वेग कमी केला तर थांबण्याचा वेळ पुन्हा मोजावा लागेल, तेही त्याच भेटीत व्हावे.

तोपर्यंत बिलाची उरलेली रक्कम आम्ही रोखून ठेवत आहोत. आपला अभियंता कोणत्या दिवशी येणार, हे लेखी कळवावे. फोनवर सेटिंग सांगू नये, आमचा माणूस ते यापुढे करणार नाही.

सोबत : कोटेशनची प्रत, सही घेतलेला सेवा अहवाल, थांबण्याच्या वेळेची मोजमापे, पॅनलचे व काचेचे फोटो.

आपला विश्वासू,
भागीदार व उत्पादन प्रमुख
शिरोली औद्योगिक वसाहत, जि. कोल्हापूर