वायरिंग जुळलं, त्याबद्दल आभार

जुन्या गाडीच्या इंजिनातल्या वायरिंगचं आवरण हात लावताच वाळक्या पानासारखं गळत होतं. मी टेप गुंडाळून मोकळा होणार होतो. ‘आत तांबंच काळं पडलंय, टेप काय करणार?’ म्हणत ज्यांनी थांबवलं, त्यांचे आधी आभार. सोल्डरच्या सांध्याशी वायर ताठर होते आणि इंजिनाच्या थरथरीनं तिथेच तुटू शकते, म्हणून नीट क्रिम्प करा, म्हणजे धातूच्या नळीत तारा दाबून जोडा, हेही त्यांनीच पटवलं. क्रँक सेन्सरच्या (इंजिनाच्या दांड्याचं फिरणं टिपणाऱ्या सेन्सरच्या) तारांचा पीळ तसाच ठेवा सांगणाऱ्यांचे तर दुप्पट आभार. सिग्नलमधला गोंगाट अडवणारा तो पीळ मी नीटनेटकेपणाच्या नादात सोडवायला निघालो होतो! जुना हार्नेस, म्हणजे तारांचा सगळा जुडगा, फळीवर खिळ्यांनी ताणून मापं घ्यायची युक्ती ज्यांची, त्यांनाही नमस्कार. तीन रविवार गेले. काल पहिल्याच चावीला इंजिन सुरू झालं.