डब्यातली साखर

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम.

तुझे पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तर लिहायला तीनदा बसलो आणि तिन्ही वेळा कागद मिटून ठेवला. तरण्या मुलाला माती देऊन आलेल्या बापाला काय लिहावे, हे साठी उलटूनही मला उमगलेले नाही. दफनविधी आटोपल्यावर कोणी पाठीवर हात ठेवून ‘रडू नका, देवाची इच्छा’ असे म्हटले आणि त्या दिवसापासून तुझी प्रार्थना बंद पडली, असे तू लिहितोस. सहा वर्षांपूर्वी ही गेली तेव्हा माझीही पडली होती.

म्हणणाऱ्याचा हेतू वाईट नसेल, पण बायबल तसे सांगत नाही. प्रेषित पौल थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला लिहितो ते एवढेच, की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका. शोकच करू नका, असे तो म्हणत नाही. संडे स्कूलमध्ये सर्वांत लहान वचन म्हणून ‘येशू रडला’ आपण घोकले होते, पण तो केव्हा रडला हे आपल्याला कोणी विचारले नाही. मेलेल्या लाजराला कबरेतून बाहेर बोलवायला तो निघाला होता, पुढे काय घडणार हे त्याला ठाऊक होते, आणि तरीही लाजराची बहीण मरिया हिला रडताना पाहून त्याला रडू आले. आपण इथे असता तर आमचा भाऊ मेला नसता, असे दोघी बहिणींनी त्याला तोंडावर ऐकवले होते. लाजर आजारी असल्याचा निरोप मिळूनही तो दोन दिवस थांबला होता, तेव्हा त्यांची तक्रार काही अगदीच निराधार नव्हती. त्याने त्यांना दटावले नाही. म्हणून तुझ्या मनात जे खदखदते आहे ते देवालाच ऐकव. शब्द सुचत नसतील तर बायबलातले 88वे स्तोत्र काढ. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच थांबते.

तू विचारतोस, की एवढा विश्वास धरून मिळाले काय? मला अशा वेळी पंडिता रमाबाई आठवतात. दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली, 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये पटकीने नवरा. पदरात तान्ही मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला, त्यानंतर तरी मरणाने ते घर सोडायला हवे होते, असे आपल्याला वाटते. पण केडगावच्या मुक्ती मिशनचा, रमाबाईंच्या त्या आश्रमाचा, भार जिच्या खांद्यावर द्यायचा, ती मनोरमा 1921 मध्ये आईच्या आधी गेली. पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाईही गेल्या. मधल्या त्या महिन्यांत बाईंसमोर मराठी बायबलाच्या भाषांतराचे काम होते. पुस्तक पुरे होऊन बाहेर पडले ते त्यांच्या पश्चात. लेकीला पुरल्यावर विलापाची वचने मराठीत वाचताना त्यांच्या मनात काय येत असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

माझे म्हणशील तर मला दर्शन वगैरे काही झाले नाही. चर्चमध्ये मी नुसता उभा राहत असे. गाण्याचे पुस्तक हातात, ओठ मिटलेले, आणि आजूबाजूची मंडळी गात असत. ते गाणे माझ्याही वाटचे आहे, हे फार उशिरा ध्यानात आले. त्या दिवसांत घरोघरून डबे येत. एके सकाळी ओट्यावर नाव घातलेला एक स्टीलचा डबा दिसला, कित्येक आठवडे तसाच पडलेला. घासला, पुसला, आणि रिकामा डबा परत करू नये असे ही नेहमी म्हणे म्हणून त्यात दोन मुठी साखर घातली. साखर घालता घालता मला रडू फुटले, आणि त्या रडण्यात कितीतरी दिवसांनी ‘प्रभू’ हा शब्द तोंडातून निघाला. पुढे काहीच सुचले नाही. तेवढीच प्रार्थना.

तुला आज प्रार्थना करवत नसेल तर करू नकोस. तुझ्या वाटची मी करतो आहे. पुनरुत्थानाच्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी मी येतो. पहाटे दोघे दफनभूमीत जाऊ. वहिनींना यावेसे वाटले तर त्यांनाही घेऊ, आग्रह मात्र करू नकोस. नवी माती पावसात खचते, तेव्हा खोरे काढून ठेव.

तुझा,
लहानपणचा सोबती