गट नंबरची तारीख होते तेव्हा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

ऑक्टोबर छाटणी उरकली की आपल्या जिल्ह्यात याद्यांचा हंगाम सुरू होतो. द्राक्षबागांच्या निर्यात नोंदणीसाठी शेतकऱ्याचं नाव, गाव, गट नंबर, क्षेत्र, छाटणीची तारीख गोळा होते. निफाडहून कुणी एक्सेल पाठवतं, दिंडोरीहून कुणी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल), तर कुणाकडे जुन्या फाँटमधली वर्ड फाइल असते. हे सगळं एका साच्यात आणायचं काम ऑफिसातल्या एखाद्या पोराच्या गळ्यात पडतं, आणि तो सर्वात आधी सीएसव्हीवर डबल क्लिक करतो. नासाडी तिथेच होते.

सीएसव्ही उघडताना कुठल्या रकान्यात काय असावं, याचा अंदाज एक्सेल स्वतःच बांधतं. गट नंबर १२/३ असेल तर त्याची १२ मार्च होते. ४५/२ मात्र तसाच राहतो, कारण ४५ हा ना दिवस ना महिना. त्यामुळे एकाच रकान्यात काही नंबर शाबूत, काही बिघडलेले, आणि वरवर चाळणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. फाइल सेव्ह केली की मूळ आकडा गेलाच. बँक खात्यांचंही तेच. सुरुवातीची शून्यं उडतात आणि १५ अंकांपुढचे सगळे अंक शून्य होतात. माणसाच्या जनुकांना नावं देणाऱ्या समितीने २०२० साली काही जनुकांची नावं बदलली, ती एक्सेल त्यांच्या तारखा करत होतं म्हणूनच. आपल्याकडे तलाठी काही गट नंबर बदलून देणार नाही.

उपाय फुकटचा आहे. सीएसव्हीकिट नावाचा, कमांड टाइप करून चालवायचा संच पायथन ही प्रोग्रामिंग भाषा असलेल्या कुठल्याही संगणकावर ‘पिप इन्स्टॉल’ या कमांडने बसतो. त्यातलं इन-टू-सीएसव्ही एक्सेलची सीएसव्ही करतं आणि सीएसव्ही-जेसन सीएसव्हीची जेसन, म्हणजे इतर प्रोग्रामना वाचता येणारी मजकूर फाइल. दोन्हींना वजाचिन्ह आणि कॅपिटल आय हा पर्याय द्यायचाच. त्याचा अर्थ, अंदाज बांधू नकोस, आहे ते अक्षर म्हणून ठेव. हा पर्याय विसरलात तर हे साधनही एक्सेलसारखंच शहाणपण करतं आणि खाते नंबराची सुरुवातीची शून्यं खातं. एक्सेल फाइलमध्ये आधीच तारीख झालेले गट नंबर मात्र कुठलीही कमांड परत आणत नाही. ते सातबारा समोर ठेवूनच दुरुस्त करावे लागतात.

विंडोजवर आणखी एक खोच आहे. कमांडचा निकाल पडद्याऐवजी फाइलमध्ये वळवताना मराठी अक्षरापाशी ‘चारमॅप’ अशी चूक येऊन काम थांबतं. आधी ‘पायथन-आयओ-एन्कोडिंग’ या सेटिंगला यूटीएफ-८ (मराठीसह सगळ्या लिप्या साठवणारी युनिकोडची पद्धत) द्यावं, आणि हे काम पॉवरशेलमध्ये न करता साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये करावं; जुनं पॉवरशेल वळवलेली फाइल यूटीएफ-१६ मध्ये लिहितं. पत्त्यातल्या स्वल्पविरामाने रकाने सरकले असतील तर सीएसव्ही-क्लीन त्या ओळी दाखवून देतं.

जुन्या फाँटचं प्रकरण वेगळं. पुष्कळांना वाटतं की एन्कोडिंग बदलणारी आयकॉन्व्ह ही कमांड चालवली की कृतिदेव या जुन्या फाँटचं युनिकोड होईल. होत नाही. कृतिदेव ही एन्कोडिंग, म्हणजे अक्षरांना आकडे नेमून देण्याची पद्धत, नव्हेच; इंग्रजी अक्षरांवर चढवलेली मराठी चित्रं आहेत. त्यात ‘नाशिक’ हा शब्द यू, के, एफ, एकेरी अवतरणचिन्ह, के, डी असा साठवलेला असतो. नीट पाहिलं तर पहिली वेलांटी ‘श’च्या आधी आलीय आणि ‘श’ दोन तुकड्यांचा झालाय. युनिकोडमध्ये वेलांटी व्यंजनानंतर येते. रफाराचं उलट: कृतिदेवमध्ये तो अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. म्हणून नुसती अक्षराला अक्षर अशी अदलाबदल पुरत नाही, क्रमही फिरवावा लागतो. हे करणारा त्याच फाँटचा कन्व्हर्टर वापरावा. कृतिदेवचा कन्व्हर्टर श्रीलिपीच्या फाँटला चालत नाही.

एवढं करूनही दोन याद्या जुळल्या नाहीत तर ‘कुऱ्हाडे’सारखी आडनावं तपासा. यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप होतो: ऱ घेऊन हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे, संगणकाला मात्र दोन वेगळी माणसं. मजकुरात शोधून बदल करणाऱ्या सेड कमांडने सगळीकडे एकच रूप करून घ्यावं, मगच याद्या जुळवाव्यात.

याद्या मागवणाऱ्या सर्वच संस्थांना विनंती, की नमुना म्हणून रंगीत एक्सेल न पाठवता गट नंबर आणि खाते नंबर हे रकाने ‘टेक्स्ट’ करून ठेवलेली फाइल द्यावी, आणि परत घेताना यूटीएफ-८ सीएसव्हीच घ्यावी. एक्सेलमधून ती काढताना सेव्ह अ‍ॅजच्या यादीत ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडायचं. त्याच यादीतली साधी ‘कॉमा डिलिमिटेड’ निवडली तर सगळ्या मराठी नावांची प्रश्नचिन्हं होतात, आणि शेतकऱ्याला पुन्हा फोन करण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक